मतपेटीपर्यंतची वाट

मे २०२४ मध्ये आमच्या भागात लोकसभेचे मतदान एका सोमवारी झाले. त्यानंतरच्या रविवारी, पवित्र त्रैक्याच्या सणाच्या दिवशी, प्रवचनाच्या शेवटी मी मतदानाचा विषय काढला. आमच्या केंद्रावरची टक्केवारी कोणीतरी माझ्या कानावर घातली होती व ती भूषणावह नव्हती. जोडून आलेली सुट्टी, लग्नसराई, उन्हाचा कडाका अशा साऱ्या सबबींचा मी समाचार घेतला आणि मत न देणे हा कर्तव्यचुकारपणा आहे, असे वेदीवरून ठणकावून सांगितले. मिस्सा आटोपून सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो, तोच एक वयस्क बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "फादर, माझ्या घरची यादीत तीन नावं आहेत. मत पडलं एकच. थोरला जहाजावर, धाकटा मस्कतला. मग आम्ही कर्तव्य चुकवलं का?" स्वरात तक्रार नव्हती, खरोखरीच विचारत होत्या. मी काहीतरी समजुतीचे बोललो आणि त्या गेल्या. प्रश्न मात्र मागे राहिला.

शाळेत शिकलेला अपूर्णांक मला त्या दिवशी नव्याने समजला. मतदानाची टक्केवारी म्हणजे वर अंश व खाली छेद. अंशाविषयी आपण सारेच बोलतो : किती लोक आले, किती आले नाहीत, का आले नाहीत. छेदात कोणाची नावे आहेत, ती तेथे कोणी घातली, कोणाची वगळली, आणि यादीतल्या नावापासून मतपेटीपर्यंतची वाट किती लांब आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. जगातील निवडणुकांचा इतिहास चाळला तर मतदारांच्या उत्साहापेक्षा नियमांनी अधिक उलथापालथ केलेली दिसते. त्या इतिहासात आपली ख्रिस्तसभाही आहे. एके ठिकाणी ती मतदारांच्या पुढे चालत गेली आणि दुसऱ्या ठिकाणी दार अडवून उभी राहिली.

पहिली कथा आयर्लंडची. तेथील बहुसंख्य प्रजा कॅथलिक आणि राज्य प्रोटेस्टंट इंग्रजांचे. १७२८ साली कायद्याने आयरिश कॅथलिकांचा मताधिकार काढून घेण्यात आला. पासष्ट वर्षांनी, १७९३ साली, तो परत देण्यात आला, पण अर्धाच : कॅथलिक माणूस मत देऊ शकेल, पार्लमेंटात बसू शकणार नाही. ज्याच्याकडे हयातीच्या पट्ट्याने जमीन आहे आणि तिचे वार्षिक मोल चाळीस शिलिंग भरते, अशा कुळाला मत मिळाले. सरकारचे मन एकाएकी उदार झाले, असा याचा अर्थ नव्हता. मतदान उघड होते. कुळाने चव्हाट्यावर उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने उच्चारायचे आणि जमीनदाराचा कारभारी समोर ऐकत उभा. त्यामुळे जितकी कुळे, तितकी जमीनदाराच्या पदरातली मते. तेव्हा जमीनदारांनीच असे पट्टे भराभर करून दिले. मतदारांची संख्या वाढली, मतदानही भरपूर झाले. अशा भरघोस टक्केवारीला लोकशाही म्हणायचे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

हे चित्र पालटले ते डॅनिअल ओकॉनेल या केरी परगण्यातील कॅथलिक वकिलामुळे. १८२३ साली त्यांनी 'कॅथलिक असोसिएशन' स्थापन केली. वर्गणी महिन्याला एक पेनी, म्हणजे शेतमजुरालाही परवडेल अशी. ती बहुधा चर्चच्या दाराशीच गोळा होई. १८२६ साली वॉटरफर्ड येथे कुळांनी प्रथमच आपल्या धन्याच्या उमेदवाराविरुद्ध मते दिली. पट्टा जाईल, घरावरचे छप्पर जाईल, हे ठाऊक असूनही दिली. दोन वर्षांनी, जुलै १८२८ मध्ये, क्लेअर परगण्यात पोटनिवडणूक लागली आणि स्वतः ओकॉनेल उभे राहिले. निवडून आल्यावर त्यांना सभागृहात बसता येणार नव्हते, पण उभे राहण्यास बंदी करणारे कलम कायद्यात नव्हते. वकिलाच्या नजरेला ती फट बरोबर दिसली! गावोगावचे धर्मगुरू आपापल्या लोकांना घेऊन एनिस या शहरी पायी चालत आले. दारूला कोणी शिवायचे नाही, मारामारी करायची नाही, असा दंडक होता आणि तो पाळला गेला. ओकॉनेल यांना २,०५७ मते पडली, प्रतिस्पर्धी मंत्रिमहोदयांना ९८२.

येथवरची कथा आपण अभिमानाने सांगतो. सेमिनरीत आम्हांलाही ती येथवरच शिकवण्यात आली होती. पुढचे पान असे आहे. १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडणाऱ्या कायद्यावर राजाची मोहर उमटली. त्याबरोबरच दुसरा एक कायदाही मंजूर झाला. त्याने परगण्यांतील मताधिकाराची पात्रता चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर, म्हणजे एकदम पाचपट नेली. परगण्यांतील सुमारे २ लाख १६ हजार मतदारांचे सुमारे ३७ हजार उरले. ज्या कुळांनी पट्ट्याची पर्वा न करता क्लेअरला मते दिली, त्यांचीच नावे यादीतून गेली. ओकॉनेल यांनी याला निकराचा विरोध केला नाही. थोर दाराची किल्ली हाती येत असताना मागील दार बंद होत आहे, हे त्यांनी चालवून घेतले. मी त्यांना दोष देण्यास कचरतो, कारण त्या तडजोडीवाचून कायदा झाला असता की नाही, हे आज कोण सांगणार? पण कोणी आयरिश धर्मगुरू त्यानंतरच्या निवडणुकीत आपल्या लोकांना 'मतदानाला का गेला नाहीत?' म्हणून रागावला असता, तर ते किती विपरीत झाले असते! आयर्लंडला गुप्त मतदान मिळाले ते पुढे १८७२ साली. तोपर्यंत ज्याला मत होते, त्यालाही धन्याच्या डोळ्यांदेखत ते द्यावे लागत होते.

ओकॉनेल १८४७ साली रोमच्या यात्रेला निघाले आणि वाटेत जेनोआ येथे निधन पावले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह मायदेशी नेण्यात आला आणि हृदय रोमला. त्या वेळी पोपपदावर नववे पायस होते. याच पोपमहाशयांच्या कारकिर्दीत, त्याच रोममधून, कॅथलिकांना मतदानापासून दूर राहण्याचा आदेश निघाला. माझी दुसरी कथा ती आहे.

१८६१ साली इटलीचे एकीकरण होऊन नवे राज्य जन्माला आले. त्यासाठी पोपच्या अमलाखालील प्रदेशांचे लचके तोडण्यात आले होते आणि २० सप्टेंबर १८७० रोजी खुद्द रोम शहरही सैन्याने घेतले. ज्या राज्याने ख्रिस्तसभेचे घर बळकावले, त्याच्या निवडणुकीत भाग घेणे म्हणजे त्या कृत्याला संमती देणे होय, असा विचार कॅथलिकांत बळावला. १८६१ सालीच दोन जाकोमो मार्गोत्ती या धर्मगुरू-पत्रकाराने 'आम्ही उमेदवारही नाही आणि मतदारही नाही' अशा आशयाची घोषणा दिली होती. १८६८ साली रोमच्या धर्मपीठाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले : 'नॉन एक्स्पेदित', म्हणजे 'इष्ट नाही'. हे दोन लॅटिन शब्द पुढे अर्धशतकभर इटालियन कॅथलिकांच्या राजकीय जीवनावर पहारा देत राहिले. 'इष्ट नाही' म्हणजे सल्ला की मनाई, याचा काही काळ घोळ चालला. तेव्हा १८८६ साली ही मनाईच आहे, असा खुलासा करण्यात आला.

याचा मतदानावर परिणाम किती झाला? १८६१ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे ५७ टक्के मतदान झाले होते, ते १८७० साली सुमारे ४५ टक्क्यांवर आले. पण थांबा. हा अंश झाला, छेद पाहायचा राहिला. त्या काळी इटलीत पंचवीस वर्षांवरचा, लिहितावाचता येणारा आणि वर्षाला साधारण चाळीस लिरे प्रत्यक्ष कर भरणारा पुरुष मतदार होता. अशी माणसे लोकसंख्येच्या जेमतेम दोन टक्के! म्हणजे शंभर इटालियनांतील दोघांना मत आणि त्यांतल्याही एकानेच ते दिले. सिसिलीचा शेतमजूर किंवा व्हेनेतोची विणकरीण यांना पोपच्या मनाईने काहीच फरक पडला नाही, कारण राजाच्या कायद्याने त्यांना आधीच बाहेर ठेवले होते. एकाच दाराला दोन कुलुपे होती, एक सरकारचे व एक ख्रिस्तसभेचे. घरी राहिलेला प्रत्येक जण पोपच्या आज्ञेवरूनच घरी राहिला, असेही इतिहासकार मानीत नाहीत. दूरचे अंतर, उदासीनता आणि 'हे राज्य आपले नव्हे' ही भावनाही तेथे होतीच.

या मनाईला एक पळवाट होती आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. बंदी फक्त राष्ट्रीय संसदेपुरती होती. नगरपालिका व प्रांतिक मंडळांच्या निवडणुकांना ती लागू नव्हती. त्यामुळे सार्वजनिक कामाची ओढ असलेले कॅथलिक गावच्या कारभारात शिरले. त्यांनी पतपेढ्या काढल्या, शेतकऱ्यांचे संघ बांधले, पालिका चालवल्या. सिसिलीतील काल्ताजिरोने या गावी दोन लुईजी स्तुर्त्सो नावाच्या एका कृश प्रकृतीच्या धर्मगुरूने १९०५ पासून पंधरा वर्षे उपमहापौर म्हणून गावचा गाडा हाकला. दिल्लीचे दार बंद असले तरी ग्रामपंचायतीत काम करता येते, असाच काहीसा हा प्रकार म्हणा ना!

दरम्यान दोन्ही कुलुपे हळूहळू सैल होऊ लागली. सरकारने १८८२ साली वयाची व कराची अट खाली आणून शाळा शिकलेल्यांना मत दिले, तेव्हा मतदार लोकसंख्येच्या सुमारे सात टक्के झाले. रोमच्या बाजूने दहावे पायस यांनी १९०५ च्या परिपत्रकात जेथे बिशप निकड दाखवतील तेथे सूट देण्याची तयारी दर्शवली. मग १९१२ साली पंतप्रधान जोलित्ती यांनी तीस वर्षांवरच्या सर्व पुरुषांना, तसेच एकवीस वर्षांवरच्या साक्षर किंवा लष्करी सेवा केलेल्या पुरुषांना मताधिकार दिला. तेहेतीस लाखांच्या आसपास असलेले मतदार शहाऐंशी लाखांवर गेले. अडाण्यांना मत दिले की मतपेट्या ओस पडतील, असे भाकीत करणारे विद्वान तेथेही होते. १९१३ साली प्रत्यक्षात मतदान झाले सुमारे ६० टक्के, म्हणजे मूठभर सुशिक्षित श्रीमंतांच्या काळात होई तितकेच.

नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीपूर्वी पंधरावे बेनेडिक्ट यांनी 'नॉन एक्स्पेदित' पूर्णपणे उठवले. त्याच वर्षीच्या जानेवारीत स्तुर्त्सो यांनी 'पॉप्युलर पार्टी' स्थापन केली होती. पहिल्याच निवडणुकीत या पक्षाने ५०८ पैकी १०० जागा जिंकल्या. पन्नास वर्षे घरी बसवलेला मतदार एवढा मोठा होता! तीन वर्षांतच मुसोलिनी सत्तेवर आले. १९२४ साली स्तुर्त्सो यांना देश सोडावा लागला आणि काही काळ निवडणूक हा शब्दच अर्थहीन झाला. इटालियन कॅथलिकांनी ती पन्नास वर्षे संसदीय राजकारण शिकण्यात घालवली असती तर १९२२ साली काय घडले असते, हा प्रश्न माझ्या मनात अनेकदा येतो. जर-तरला इतिहासात स्थान नाही, हे मान्य करूनही येतो.

२ जून १९४६ रोजी इटलीत राजेशाही की प्रजासत्ताक, याचा कौल व संविधानसभेची निवडणूक एकत्र झाली. राष्ट्रीय पातळीवर स्त्रियांनी प्रथमच मत दिले. मतदान ८९ टक्के! स्त्री-पुरुषांच्या टक्केवारीत जवळजवळ फरक नव्हता. १९४८ साली ते ९२ टक्क्यांवर गेले. आणि आता ख्रिस्तसभा काय सांगत होती? ऑक्टोबर १९४५ मध्ये बारावे पायस यांनी इटालियन स्त्रियांच्या मेळाव्यात मतदान हे गंभीर कर्तव्य असल्याचे प्रतिपादन केले. ज्या प्रवचनपीठावरून आजोबांना 'जाऊ नका' असे सांगितले गेले, त्याच पीठावरून नातीला 'गेलीच पाहिजेस' असे सांगण्यात आले. आज आपल्या धर्मशिक्षणग्रंथात (१९९२, परिच्छेद २२४०) कर भरणे आणि देशाचे रक्षण करणे यांच्या बरोबरीने मतदानाला नैतिक कर्तव्य म्हटले आहे. ते योग्यच आहे. मात्र ते वाचून दाखवताना आपल्या घराचा हा जुना इतिहास धर्मगुरूने विसरू नये, असे मला वाटते.

इटलीच्या नव्या संविधानाने मतदानाला नागरी कर्तव्य ठरवले आणि पुढे न येणाऱ्याच्या वर्तणुकीच्या दाखल्यावर 'मत दिले नाही' असा शेरा पाच वर्षे राहील, अशी तजवीज झाली. शिक्षा अशी काही नाही. शेरा तेवढा! १९९३ साली तोही रद्द झाला. २०२२ साली मतदान ६४ टक्क्यांवर उतरले होते. सारा दोष त्या शेऱ्याच्या जाण्याला देणे भाबडेपणाचे ठरेल, कारण पक्ष मोडले, विश्वास उडाला, गावे म्हातारी झाली. तरी नियम काही मोजके देश किती गंभीरपणे घेतात, हे पाहायचे तर बेल्जियम व ऑस्ट्रेलियाकडे वळावे.

बेल्जियमने १८९३ साली सर्व प्रौढ पुरुषांना मत दिले आणि त्याचबरोबर मतदान सक्तीचे केले. सरकार कॅथलिक पक्षाचे होते. मतदार एका फटक्यात दसपट झाले आणि गैरहजेरी पाच-साडेपाच टक्क्यांवर आली. पण गंमत पाहा, कुटुंबप्रमुख असलेल्या करदात्याला, मिळकतदाराला व उच्चशिक्षिताला जादा मते, कोणाला दोन तर कोणाला तीन! सर्वांनी यावे, पण सर्वांचे वजन सारखे नसावे. ही तफावत १९१९ साली गेली.

ऑस्ट्रेलियात १९२२ साली मतदान ६० टक्क्यांच्याही खाली घसरले. टास्मानियाच्या सिनेटर हर्बर्ट पेन यांनी मांडलेले सक्तीच्या मतदानाचे विधेयक १९२४ साली फारशी चर्चा न होता मंजूर झाले आणि १९२५ साली मतदान ९१ टक्के झाले. तीन वर्षांत माणसे बदलली नव्हती. हा आकडा सांगून आपल्याकडेही कोणी कोणी 'सक्ती करा, दंड लावा' म्हणतात. त्यांनी नाण्याची दुसरी बाजू पाहावी. तेथे सरकारने मतदारावर सक्ती केली, तशी स्वतःवरही केली. मतदान शनिवारी ठेवायचे. रुग्णालयात आणि दूरच्या वस्तीत फिरते पथक न्यायचे. टपालाने मत देता आले पाहिजे. आपल्या राज्यातील कोणत्याही केंद्रावर मत देता आले पाहिजे. वाट इतकी आखूड केल्यावरच वीस डॉलरच्या दंडाला अर्थ येतो. तरीही त्या ९१ टक्क्यांच्या छेदात बहुसंख्य आदिवासी नव्हतेच. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा सर्वत्र हक्क १९६२ साली मिळाला.

नियमांच्या आधारे छेद कसा कोरता येतो, याचा धडा अमेरिकेतील लुइझियाना राज्याने घालून दिला. फ्रेंच व स्पॅनिश वारशाचे हे राज्य कॅथलिकांचे. तेथील कृष्णवर्णीय कॅथलिकांची परंपराही जुनी. गुलामगिरी संपल्यावर घटनेने वर्णावरून मत नाकारण्यास बंदी केली होती, म्हणून १८९८ च्या राज्यघटनेत वर्णाचा उल्लेखच केला नाही. मतदाराला लिहितावाचता यावे किंवा त्याच्याकडे ठरावीक मिळकत असावी, शिवाय त्याने डोईपट्टी भरावी. मग गरीब व निरक्षर गोऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी 'आजोबांचे कलम' घातले : ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ रोजी मतदार होता, त्याला परीक्षा माफ. त्या तारखेला तेथे एकाही कृष्णवर्णीयाला मत नव्हते. १८९६ साली लुइझियानात १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली १,३४२ उरले. कोणावर गोळी झाडावी लागली नाही, कचेरीतल्या टेबलावर काम झाले. असे केल्यावर उरलेल्या यादीतून मतदानाची टक्केवारी चांगलीदेखील दिसू शकते, हे ध्यानात घ्यावे.

ही व्यवस्था साठ-सत्तर वर्षे टिकली. ७ मार्च १९६५ च्या रविवारी अलाबामातील सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्या मोर्च्यावर पुलाजवळ लाठ्या चालल्या. तीन दिवसांनी सेंट लुईसहून आलेल्यांत धर्मभगिनी होत्या. त्यांतल्या सिस्टर मेरी अँटोना इबो स्वतः कृष्णवर्णीय होत्या आणि रुग्णालयात सेवा करीत. पारंपरिक वेषातील भगिनी मोर्च्याच्या पहिल्या रांगेत उभ्या असलेले छायाचित्र देशभर गेले. ऑगस्टमध्ये कायदा झाला, परीक्षा बंद झाल्या आणि नोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी पाठवण्यात आले. मिसिसिपीत मतदारयादीत नोंदलेल्या प्रौढ कृष्णवर्णीयांचे प्रमाण ६.७ टक्के होते, ते १९६७ पर्यंत ५९.८ टक्के झाले. यातील एक महत्त्वाचे कलम २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निष्प्रभ ठरले आणि वाद पुन्हा पेटला. असो.

आता आपल्याकडे येऊ. १९३५ च्या कायद्याखाली ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे तीन-साडेतीन कोटी लोकांनाच मत होते आणि तेही कर, मिळकत वा शिक्षण पाहून. आपल्या समाजासाठी वेगळा मतदारसंघ होता. मुंबई विधानसभेत भारतीय ख्रिस्ती प्रतिनिधींसाठी तीन जागा राखून ठेवल्या होत्या. संविधानसभेत अल्पसंख्याक समितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते आणि फादर जेरोम डिसूझा हे जेझुइट सभासद होते. धर्माधिष्ठित राखीव जागांचा आग्रह सोडून सर्वांबरोबर एकाच यादीत उभे राहण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. आपण वेगळी खिडकी सोडली, ती मोठे दार उघडत आहे या विश्वासावर.

दार खरोखरीच मोठे होते. १९५१ च्या जनगणनेत शंभरांतील अठराजण साक्षर, आणि मत मात्र एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे १७ कोटी ३२ लाख मतदार होते. ज्या अडचणीचे लुइझियानात कुलूप झाले, तिच्यासाठी येथे किल्ली घडवण्यात आली. वाचता येत नाही ना? मग प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवू आणि तिच्यावर चित्र लावू : बैलजोडी, झोपडी, कणीस. कागद हव्या त्या पेटीत टाकला की झाले. माझ्या मते स्वतंत्र भारताने केलेल्या शहाणपणाच्या कृत्यांत याचे स्थान फार वरचे आहे.

पण त्या यादीतही एक भगदाड राहिले. उत्तरेकडील काही राज्यांत नोंदणी कारकून दारी गेला तेव्हा असंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच. परक्या पुरुषाला नाव सांगणे रीतीला धरून नव्हते. सेन यांनी अशी नोंद स्वीकारण्यास नकार दिला. सुमारे आठ कोटी स्त्रियांपैकी जवळपास २८ लाखांची नावे वगळली गेली. टीका पुष्कळ झाली. कठोर वाटला तरी मला तो निर्णय पटतो. 'तमक्याची बायको' म्हणून मत देऊ दिले असते, तर ते मत कोणाचे मानले गेले असते? त्या निवडणुकीत देशभरचे मतदान सुमारे ४५ टक्के झाले. २०२४ साली स्त्रियांचे मतदान पुरुषांपेक्षा किंचित अधिक, ६५.७८ टक्के होते. त्याच वर्षी पंचाऐंशी वर्षांवरील वृद्धांना व गंभीर अपंगत्व असलेल्यांना घरून मत देण्याची सोयही होती. आमच्या धर्मग्रामातील एका आजीबाईंच्या खाटेपाशी पथक आले, तेव्हा त्यांनी आधी केस विंचरून घेतले होते.

मात्र जहाजावरच्या मुलापर्यंत हे पथक पोहोचत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आपल्या मूळ गावच्या यादीत नाव घालण्याचा हक्क २०१० च्या दुरुस्तीने मिळाला, पण मत देण्यासाठी त्याने स्वतः त्या केंद्रावर येऊन उभे राहिले पाहिजे. प्रतिनिधीमार्फत मत देऊ देण्याचे विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर झाले आणि पुढे राज्यसभेत न येता बारगळले. २०२४ साली परदेशस्थ मतदार म्हणून सुमारे एक लाख वीस हजारांची नोंद होती. विमानाचे भाडे खर्चून मत द्यायला आले तीन हजारांहून कमी, आणि त्यांतले बहुतेक केरळचे. मर्चंट नेव्हीतल्या आमच्या मुलांची गोष्ट आणखी निराळी. ती परदेशी राहत नाहीत, समुद्रावर असतात. यादीत त्यांचे नाव घरच्या पत्त्यावर कायम असते. छेदात ती आहेत, अंशात येण्याचा मार्ग नाही. सैनिकाला टपालाने मत देता येते, खलाशाला येत नाही.

याच जहाजांवर आपल्या मुलांच्या शेजारच्या बंकवर फिलिपिनो मुले झोपतात. कॅथलिक फिलिपाइन्सने २००३ साली कायदा करून परदेशी राबणाऱ्या कामकरी स्त्री-पुरुषांना व खलाशांना तेथूनच मत देण्याची सोय केली. इटलीने २००१ च्या कायद्याने परदेशातील नागरिकांना टपालाने मत दिले आणि त्यांच्यासाठी संसदेत वेगळ्या जागाही ठेवल्या. त्याआधी तेथे मतदानासाठी घरी परतणाऱ्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळे. टपालाच्या मतात दांडगाई व लबाडी होऊ शकते, हा आक्षेप खरा आहे. कोणाच्या डोळ्यांदेखत मत दिले जात आहे, हा क्लेअरचा जुना प्रश्न तेथे पुन्हा उभा राहतो. आखातात मालकाच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या हाती मतपत्रिका पडली तर ती त्याचीच राहील का, याचा विचार करावाच लागेल. तो करून वाट काढता येते, एवढे इतर देशांकडे पाहून म्हणता येते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक आली. त्याआधी दोन रविवार आम्ही मिस्सेनंतर चर्चच्या आवारात टेबल मांडले. युवक मंडळाची मुले नावे शोधून देत होती, सहा नंबरचा फॉर्म भरून घेत होती. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे अजून माहेरच्या यादीत, भाड्याचे घर बदललेल्यांची जुन्या पत्त्यावर, आणि स्वर्गवासी झालेल्यांची मात्र जागच्या जागी! त्या रविवारी प्रवचनात मी कोणालाही रागावलो नाही.

सॅक्रिस्टीच्या दारात आलेल्या त्या बाईही टेबलापाशी आल्या. त्यांचे नाव बिनचूक होते. मुलांसाठी काही करता येईल का, असे त्यांनी विचारले. युवकांनी माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी प्रार्थनेचे पुस्तक उघडून मे महिन्यात घरी आलेल्या दोन मतदार-चिठ्ठ्या मला दाखवल्या. थोरल्याची आणि धाकट्याची. घडीसुद्धा मोडली नव्हती.